निळ्या किरणाची करवत

आमच्या लहानपणी आकाशकंदील करायचा म्हणजे दसऱ्यापासून बांबूच्या कामट्यांची शोधाशोध सुरू होई. कामट्या तासताना बोटांत कुसे घुसत, खळीसाठी आईच्या मागे लागून वाटीभर पीठ मिळवावे लागे, आणि एवढे सगळे जमून आले की पतंगी कागद नेमका शेवटच्या पाकळीला फाटे. तो फाटका कंदीलही आम्ही मोठ्या अभिमानाने दारावर टांगत असू, ही गोष्ट निराळी.

गेल्या वर्षी माझ्या पुतण्याने प्लायवूडचे नक्षीदार कंदील करून विकायचे ठरवले. त्यासाठी बचत मोडून एक यंत्र आणले, आणि एका सोसायटीची दोनशे कंदिलांची मागणीही पटकावली. मी कौतुकाने पाहायला गेलो. टेबलावर एक ॲल्युमिनियमची चौकट. तिच्यावर मुठीएवढी एक काळी पेटी आडवीउभी सरकत होती आणि पेटीच्या तळातून निळा ठिपका लाकडावर पडत होता. पाते नाही, दाते नाहीत, लाकडाला स्पर्शदेखील नाही. पण त्या ठिपक्यामागून रेघ उमटत होती आणि रेघेतून धूर येत होता. पुतण्याने आधी माझ्या हाती नारिंगी काचेचा चष्मा दिला. “काका, हा लावल्याशिवाय तिकडे बघायचं नाही. नुसत्या परावर्तित किरणानंही डोळा जायचा.”

“केवढ्या शक्तीचं आहे हे?” मी विचारले.

“दहा वॅट.”

मला हसू आले. दहा वॅटचा दिवा तर आमच्या माजघरात लागतो! पण हिशोब मांडून पाहिला तेव्हा हसू मावळले. हे दहा वॅट खोलीभर पसरत नाहीत. ते जेमतेम एक दशांश मिलिमीटर रुंदीच्या ठिपक्यात कोंडलेले असतात. तेवढ्याशा जागेवर पडणारे तेज भर दुपारच्या उन्हाच्या सुमारे दहा लक्षपट भरते. लहानपणी भिंगाने वाळके पान जाळले नाही असा मुलगा विरळा. हे त्याच खेळाचे थोरले भावंड आहे.

लेसर जन्मला १९६० साली, अमेरिकेत, थिओडोर मायमन यांच्या हातून, माणकाच्या कांडीतून. दोनच वर्षांनी रॉबर्ट हॉल यांनी अर्धवाहकाच्या कणाएवढ्या तुकड्यातून, म्हणजे डायोडमधून, लेसर काढून दाखवला. पण तो डोळ्यांना न दिसणारा अवरक्त होता. निळ्या प्रकाशासाठी जपानमध्ये शुजी नाकामुरा यांच्या कामाची वाट पाहावी लागली. त्यांना निळ्या प्रकाशदायी डायोडबद्दल इतर दोघांसह २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. मधल्या काळात कापण्याच्या धंद्यात राज्य केले ते कार्बन डायऑक्साइड वायूच्या लेसरने. तो १९६४ साली बेल प्रयोगशाळेत घडवणारे सी. कुमार पटेल जन्माने बारामतीचे आणि शिक्षणाने पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते. काचेची लांब नळी, आरसे आणि थंड पाण्याचा फेरा असा त्या वायुलेसरचा संसार. डायोडचा संसार त्या मानाने खिशात मावणारा, म्हणूनच तो पुतण्याच्या खोलीपर्यंत पोचला.

मात्र निळ्या डायोडची एक मर्यादा आहे. अशा यंत्रांतला एकेक डायोड साधारण पाचसहा वॅटच प्रकाश देतो. त्याहून जास्त हवा असेल तर अनेक डायोडांचे किरण एकत्र आणावे लागतात. ते कसे आणतात, ही यातली सर्वांत मजेची गोष्ट.

प्रकाशाची लहर उभी हेलकावू शकते किंवा आडवी. उभ्या कामट्यांचे कुंपण डोळ्यांपुढे आणा. उभी धरलेली काठी त्यातून आरपार जाईल, आडवी धरलेली अडकेल. काचेचा एक खास चौकोनी ठोकळा असतो. तो एका जातीच्या लहरीला सरळ जाऊ देतो आणि दुसऱ्या जातीच्या लहरीला काटकोनात वळवतो. मग एका डायोडचा किरण समोरून सोडायचा, दुसऱ्याच्या लहरी आडव्या करून तो बाजूने सोडायचा. ठोकळ्यातून बाहेर पडताना दोघे एकाच वाटेवर एकमेकांत मिसळलेले! पण लहरींच्या जाती दोनच, म्हणून ही युक्ती दोघांपुरतीच चालते. चार, सहा किंवा आठ डायोड असले की उरलेले किरण लहान लहान आरशांनी शेजारी शेजारी रचतात, आणि ती सगळी मोळी शेवटच्या भिंगातून एका ठिपक्यावर उतरवतात.

मोळी जाड झाली की अडचणीही आल्या. भिंगातून ती फार निमुळती होऊन उतरते, म्हणजे ठिपक्याच्या थोडे वर आणि थोडे खाली गेले की लगेच पसरते. पातळ फळीला ते चालते. जाड फळीत खालच्या थरापर्यंत पोचता पोचता धार बोथट होते. ठिपकाही थोडा मोठा होतो. म्हणून दुप्पट वॅट म्हणजे दुप्पट खोली, असा सरळ त्रैराशिकाचा हिशोब इथे चालत नाही. आणि आरसा केसभर हलला तर एका रेघेच्या शेजारी तिची फिकट सावली उमटते. आणखी एक सांगायचे म्हणजे काही विक्रेते खोक्यावर मोठ्या अक्षरांत जे वॅट छापतात, ते यंत्र खाते त्या विजेचे असतात. बाहेर पडणारा प्रकाश त्याच्या लहानशा हिश्श्याएवढा. घेणाऱ्याने “प्रकाश किती?” एवढेच विचारावे.

पुतण्याला पहिल्याच आठवड्यात कोडे पडले ते निराळे. चौकोनी खिडक्या कापल्या की दोन बाजू सुटून येत आणि दोन चिकटून राहत. लाकूड बदलले, वेग बदलला, तरी तेच. अखेर भिंगाखाली ठिपका पाहिला तेव्हा उलगडा झाला. ठिपका गोल नव्हताच, तांदळाच्या दाण्यासारखा लांबट होता, कारण डायोडमधून प्रकाश निघतो तो एका बारीक फटीतून. ज्यांनी बोरूने लिहिले आहे त्यांना हे चटकन कळेल. बोरूची कत एका दिशेला जाड ओढते, दुसऱ्या दिशेला बारीक. लेसर दाण्याच्या लांबीच्या दिशेने गेला की रेघ बारीक आणि खोल. आडवा गेला की रुंद आणि उथळ. उपाय साधा होता: त्या दोन बाजूंपुरता वेग कमी करणे.

पण खरे संकट पुढे होते. दोनशेपैकी पहिले चाळीस कंदील सोसायटीत गेले आणि दुसऱ्याच दिवशी परत आले. कडा कोळशासारख्या काळ्या. हात लावला की बोटे काळी, आणि एका गृहस्थांचा पांढरा सदराही. तक्रार रास्त होती. पुतण्याचा चेहरा उतरला. हप्ते बांधून यंत्र घेतलेले नव्हते एवढेच समाधान, पण बचत मात्र सगळी त्यात गेली होती.

लाकूड कापले जाते म्हणजे काय होते, हे इथे पाहिले पाहिजे. लाकूड मेणासारखे वितळत नाही. तापले की त्याची वाफ होते, धूर होतो, डांबरासारखा चिकट अंश निघतो आणि मागे कोळसा उरतो. कापाची फट सुतळीहून बारीक. त्यातून हा धूर बाहेर कसा पडणार? तो तिथेच घुटमळतो, कडांवर थंड होऊन बसतो, आणि मुख्य म्हणजे वरून येणारा निळा प्रकाश स्वतःच पिऊन टाकतो. फटीत बारीक ज्योत पेटली तर ती कडा खात जाते ते वेगळेच.

यावर उपाय हवेचा झोत. किरण जिथून उतरतो तिथेच एक चंचुपात्रासारखी निमुळती नळी बसवायची आणि पंपाने हवा नेमकी ठिपक्यावर सोडायची. धूर उडतो, फट मोकळी राहते, ज्योत विझते आणि भिंगावर काजळी चढत नाही. एखाद्याला शंका येईल की हवेने आग भडकणार नाही का? चुलीत फुंकणीने हळू फुंकले तर निखारा फुलतो. पणतीवर जोराने फुंकले तर ती विझते. इथे काम पणतीचे आहे. पोलादाचे मात्र उलट. १९६७ साली इंग्लंडमध्ये पीटर होल्डक्रॉफ्ट यांनी लेसरबरोबर प्राणवायूचा झोत सोडून एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पत्रा कापला, तो प्राणवायूने लोखंड जळून जास्तीची उष्णता मिळावी म्हणूनच.

पुतण्याने आधी माशांच्या काचपेटीचा लहान पंप लावून पाहिला. तेवढ्यानेही फरक पडला. मग जरा मोठा आणला. तीन मिलिमीटरच्या ज्या प्लायवूडला तीन फेऱ्या लागत, ते एका फेरीत सुटू लागले, आणि कडा काळ्याच्या बदामी झाल्या. शेजारच्या रंगाऱ्याचा कॉम्प्रेसर जोडण्याचा मोहही झाला, पण त्या हवेतून तेलाचे आणि पाण्याचे तुषार येतात व भिंगावर बसतात; मध्ये गाळणी नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. नुसती नक्षी कोरताना झोत अगदी मंद ठेवतात, नाहीतर हवा तो गडद रंगच उडवून लावते.

सगळ्या वस्तूंना एकच न्याय नाही. एमडीएफ लाकडाच्या भुशाचा आणि चिकट रसायनाचा, म्हणून त्याच जाडीला जास्त वेळ घेतो. प्लायवूडच्या पोटात गोंदाची गाठ आली की तेवढाच ठिपका न कापता राहतो. काळे ॲक्रिलिक कापले जाते; पारदर्शक ॲक्रिलिकमधून निळा किरण खिडकीच्या काचेतून ऊन जावे तसा निघून जातो. तिथे पटेलांचा वायुलेसरच हवा. आणि रेक्झीन कधीही कापू नये, कारण त्यातल्या पीव्हीसीतून निघणारा आम्लवायू माणसाची छाती आणि यंत्राचे लोखंड दोन्ही खातो.

धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री पुतण्या पाच मिनिटांसाठी चहा घ्यायला खाली गेला. तेवढ्यात हवेची नळी निसटली. वर आला तो कंदिलाच्या पाकळीवर वीतभर ज्योत उभी! ओल्या पोत्याने विझवली. यंत्र वाचले, टेबलाचा सनमायका मात्र फुगला. तेव्हापासून पाण्याची बादली टेबलाखाली असते आणि यंत्र चालू असताना कोणीतरी खोलीत बसलेले असते. पुष्कळदा तो मीच असतो, नारिंगी चष्मा लावून.

दोनशे कंदील वेळेवर गेले. सदऱ्याच्या गृहस्थांनी दोन जास्तीचे मागवले. या वर्षी एकांनी निळ्या ॲक्रिलिकचा कंदील मागितला आहे. निळ्या वस्तूला निळा प्रकाश परका वाटत नाही, ती त्याला पिऊन घेत नाही, म्हणून ती कापली जात नाही. पुतण्या त्यांना लाल रंग किती शोभतो हे पटवून देण्याच्या खटपटीत आहे.