हिरडीखालचे झिजलेले हाड भरून येते का?

वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अशा गावात हिरडी सुजली की पहिला उपाय कोणता, हे वेगळे सांगायला नको. हळद, मीठ, तेलाचे दोन थेंब आणि बोटाने चोळणे. हा उपाय अगदीच टाकाऊ नाही. हळदीतले कुरकुमिन सूज कमी करते. त्याच्या जेलचे प्रयोग आपल्याकडच्या दंत महाविद्यालयांत झाले आहेत. मात्र ते जेल वापरले गेले दात खोलवर साफ केल्यानंतर, जोड म्हणून. बोटाने चोळलेली हळद हिरडीच्या वरच राहते. दुखणे असते खाली.

निरोगी हिरडी आणि दात यांच्यामधली फट एक ते तीन मिलिमीटर खोल असते. तिथे जंतूंचा थर साचून त्याचा दगड झाला की हिरडी सुजते, फट खोल होत जाते आणि जंतूंशी लढता लढता शरीरच दाताभोवतीचे हाड विरघळवू लागते. पायोरिया म्हणतात तो हाच. बहुधा तो दुखत नाही, ही खरी पंचाईत. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतून तर रक्तही कमी येते, म्हणजे तेवढीही सूचना मिळत नाही. मग दात हलू लागला की 'वय झाले' म्हणून काढून टाकायचा.

गेलेले हाड आपोआप परत येत नाही. जागा साफ केली तरी हिरडीची त्वचा भराभर खाली उतरून ती व्यापते. हाडाच्या आणि दाताला धरून ठेवणाऱ्या तंतूंच्या पेशी मागे राहतात. १९८२ मध्ये स्वीडनचे स्टुरे नीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिरडी आणि मूळ यांच्यामध्ये एक पातळ पडदा ठेवला. त्वचा अडली, मागच्या पेशींना वेळ मिळाला आणि दाताचा आधार काही प्रमाणात पुन्हा तयार झाला. आजच्या उपचारांची जात हीच. खड्ड्यात हाडाची भुकटी भरतात. ती रुग्णाची, दात्याची, प्राण्याची किंवा कृत्रिमही असते. डुकराच्या पिलांच्या उगवत्या दातांपासून मिळवलेल्या प्रथिनांचे जेलही लावतात. २००१ मध्ये फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी आणलेली 'पीआरएफ' पद्धत त्यातल्या त्यात सोपी: रुग्णाचेच थोडे रक्त यंत्रात गरगर फिरवायचे आणि तयार झालेली साय खड्ड्यात बसवायची. त्यासाठी लागते ते एक साधे सेंट्रिफ्यूज.

पण खड्डा हवा! हाड एका दातालगत उभे, खोल आणि अरुंद झिजले असेल, तर भिंतींच्या आधाराने भर टिकते. पुराने शेताचा बांध सलग खचावा तसे सगळीकडून आडवे झिजले असेल, तर भर टिकायला जागाच नसते. तिथे आहे ते राखणे, एवढेच हाती असते. 'हमखास हाड वाढवून देतो' असे ऐकले, तर आधी एक्स-रे दाखवायला सांगावे.

शस्त्रक्रियेपूर्वी खोलवर सफाई, तंबाखू-मशेरी बंद आणि मधुमेह असल्यास साखर ताब्यात, यावर डॉक्टर अडून बसतात ते उगाच नव्हे. यातले एक जरी सुटले तरी महागडी भुकटी वाया जाते. शेजारच्या नांदेडला आणि छत्रपती संभाजीनगरला दंत महाविद्यालये आहेत. तिथे हिरड्यांच्या विभागात खोली मोजून घेता येते. शस्त्रक्रिया झालीच, तर भर धरली की नाही, हे एक्स-रेत दिसायला सहा महिने तरी थांबावे लागते.