महाड-पोलादपूरची सहल: गड, लेणी, मगरी आणि समुद्र एकाच नदीकाठी कसे आले?

मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात जाणाऱ्या बहुतेक गाड्यांसाठी महाड म्हणजे चहाचा थांबा आणि पोलादपूर म्हणजे कशेडी घाटाआधीचं गाव. मुलाबाळांना घेऊन निघालेलं कुटुंब इथे अर्धा तास थांबतं आणि पुढे गुहागर, गणपतीपुळे गाठतं. पण याच दोन तालुक्यांत दोन-तीन दिवस मुक्काम केला, तर शिवकालीन गड, बौद्ध लेणी, एक ऐतिहासिक तळं, मगरींची नदी आणि शेवटी समुद्र असं सगळं पाहून होतं. एवढ्या गोष्टी एका पट्ट्यात कशा आल्या, याचं उत्तर सावित्री नदीत आहे.

सावित्रीचा उगम महाबळेश्वरचा. तिच्याच उगमस्थानी जन्मलेली कृष्णा पूर्वेला जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री मात्र कड्यावरून पश्चिमेला उतरते, पोलादपूर आणि महाडवरून वाहत बाणकोटजवळ अरबी समुद्रात जाते. भरतीचं पाणी खाडीतून आत महाडच्या परिसरापर्यंत येतं. त्यामुळे एके काळी गलबतं दासगाव-महाडपर्यंत येत आणि इथून माल बैलांवर लादून घाटावर चढवला जाई. वरंधा घाट आणि पारघाट या त्याच वाटा.

गड इथेच का?

घाटवाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती जकात आणि सैन्याची ये-जा. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी चंद्रराव मोऱ्यांकडून जावळी घेतली ती यासाठीही, आणि मोऱ्यांच्या ताब्यातला रायरीचा डोंगरही तेव्हाच स्वराज्यात आला. तोच पुढे रायगड झाला. पोलादपूरहून आंबेनळी घाट चढून गेलं की प्रतापगड लागतो. १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफजलखानाची भेट तिथेच पायथ्याशी झाली. घाटात वळणं सतत आहेत, तेव्हा गाडी लागणाऱ्या मुलांना भरपेट नाश्ता देऊन निघू नये. पोलादपूर तालुक्यातच उमरठ आहे, तानाजी मालुसऱ्यांचं गाव. सिंहगडावर पडलेल्या या वीराची समाधी इथे शांत झाडीत आहे आणि गर्दीही फारशी नसते.

रायगड महाडपासून साधारण २५ किलोमीटर. ६ जून १६७४ चा राज्याभिषेक आणि ३ एप्रिल १६८० चा महाराजांचा मृत्यू, दोन्ही याच गडावरचे. आजी-आजोबा बरोबर असतील तर हिरकणीवाडीहून रोपवे आहे. पायऱ्या चढायच्या तर पहाटेच निघावं. पाचाडला जिजाबाईंची समाधी आहे, ती बरेच जण घाईत सोडून देतात. राज्याभिषेकानंतर अवघ्या अकरा दिवसांनी त्या गेल्या, हे सांगितलं की मुलंही तिथे थोडी थांबतात. रायगडाला पूर्ण दिवस द्यावा. अर्ध्या दिवसात गड पाहून होत नाही, नुसता उरकला जातो.

व्यापारी वाटेची आणखी जुनी खूण महामार्गाला लागूनच आहे. गांधारपाले इथली बौद्ध लेणी गाडीतूनही दिसतात. तिथल्या एका शिलालेखात कानभोज विष्णुपालित या राजपुत्राचं नाव येतं. वर चढून मागे पाहिलं की नदी, शेतं आणि महाड शहर एका नजरेत येतं.

चवदार तळं

महाडच्या भर वस्तीत हे तळं आहे. १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांच्या ठरावाने मुंबई प्रांतातले सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले आणि महाड नगरपालिकेनेही तसा ठराव केला. पण कागदावरचा हक्क प्रत्यक्षात कोणी बजावू शकत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ले झाले आणि तळ्याचं 'शुद्धीकरण' करण्यात आलं. त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडमध्येच मनुस्मृतीचं दहन झालं. कोर्टातला वाद मात्र १९३७ पर्यंत चालला. तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. दहा वर्षं, एका ओंजळभर पाण्यासाठी. मुलांना हे समजावून सांगताना गड पाहण्याइतकाच वेळ लागतो, आणि तो द्यायला हवा.

पाण्यातले रहिवासी

महाडजवळच्या सावित्रीत मगरी आहेत, अगदी शहराच्या शेजारी. हिवाळ्यात त्या काठावर ऊन खात पडलेल्या दिसतात. पुलावरून दुर्बिणीने पाहाव्यात. फोटोसाठी पाण्याजवळ उतरणं किंवा मुलांना उतरू देणं धोक्याचं.

काळ नदीवरच्या वाळणकोंडीत वेगळाच प्रकार आहे. या डोहातले महसीर मासे वरदायिनी देवीचे मानले जातात, म्हणून कोणी धरत नाही. वनखात्याच्या पाटीपेक्षा ही श्रद्धाच इथे जास्त काम करते.

पावसाळ्यात का नको?

धबधब्यांचे फोटो पाहून जुलैत निघणारे पुष्कळ असतात. पण ज्या भूगोलाने महाडला बंदर दिलं, तोच भूगोल पूरही आणतो. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. ते पाणी उभ्या उतारावरून खाली येतं आणि महाडच्या सपाटीवर पसरतं. गांधारी आणि काळ नद्यांचं पाणीही इथल्याच परिसरात सावित्रीला मिळतं. समोरून भरती असेल तर निचरा होत नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात जुना ब्रिटिशकालीन पूल पडला आणि दोन एसटी बस वाहून गेल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड पाण्याखाली असतानाच तळीये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक माणसं गेली. पोलादपूर तालुक्यातही त्या दिवशी दरडी कोसळल्या. नोव्हेंबर ते मार्च हा काळ म्हणून बरा.

समुद्राकडे

महाडहून म्हाप्रळमार्गे मंडणगड तालुक्यात गेलं की वाटेत आंबडवे लागतं, बाबासाहेबांचं मूळ गाव. चवदार तळं पाहून आलेल्यांनी ते चुकवू नये. पुढे वेळास. ऑलिव्ह रिडले कासवं इथल्या वाळूत अंडी घालतात आणि चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ मध्ये गावकऱ्यांबरोबर ती राखायला सुरुवात केली. साधारण फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास पिल्लं समुद्राकडे सोडतात. मुक्काम गावातल्या घरांत, जेवण घरचंच. कासवं निघतीलच याची खात्री कोणी देत नाही, तेव्हा एक रात्र जास्तीची धरावी.

वेळासजवळच बाणकोटचा किल्ला आहे. त्याच्या तटावरून सावित्री समुद्राला मिळताना दिसते. परत महाडला न जाता वेसवीहून फेरीबोटीत गाडी चढवली की खाडीपलीकडे बागमांडला आणि तिथून हरिहरेश्वर जवळच. सुट्टीच्या दिवशी जेटीवर गाड्यांची रांग लागते. मुलांना बोटीवर गाडीतून खाली उतरू द्यावं; दोन दिवस जिच्या काठाने फिरलो ती नदी इथे केवढी रुंद झाली आहे, हे त्यांना तिथेच दिसतं.