चालत्या यंत्राची साक्ष

बीबीसी मायक्रो हा संगणक १९८१ च्या डिसेंबरात ब्रिटनमध्ये बाजारात आला. माळ्यावर पडून राहिलेला असा एखादा संगणक आज कोणी थेट प्लगला जोडला, तर पुष्कळदा तो चालू होतो, ओळखीचा आवाज देतो, पडद्यावर अक्षरे उमटवतो आणि काही मिनिटांत त्याच्या डाव्या बाजूने उग्र वासाचा धूर येऊ लागतो. हा धूर वीजपुरवठ्याच्या डब्यातल्या, करंगळीच्या पेराएवढ्या एका कपॅसिटरमधून येत असतो. विजेच्या प्रवाहातली खरखर गाळण्याचे काम त्याच्याकडे असते. धातूचा पातळ मुलामा दिलेला कागद गुंडाळून त्याभोवती राळेचे पारदर्शक कवच ओतलेले असते. वर्षे जातात तशा या कवचाला बारीक चिरा पडतात, चिरांमधून हवेतली ओल कागदात शिरते आणि मग दोनशे-अडीचशे व्होल्टचा दाब आला की कागद आतल्या आत जळतो. बाकी संगणकाला बहुतेक वेळा काहीही झालेले नसते. म्हणून घरी जुने संगणक दुरुस्त करणारी जाणती माणसे असे यंत्र हाती आल्यावर ते चालू करण्याच्या फंदात पडत नाहीत. आधी झाकण उघडून हा कपॅसिटर काढतात, नवा बसवतात, मल्टिमीटरने व्होल्टेज तपासतात आणि मगच पुढे जातात. ही खबरदारी कारखान्याच्या मूळ पुस्तिकेत असणे शक्यच नव्हते, कारण चाळीस वर्षांनी कागदाचे काय होईल हे तेव्हा कोणी पाहिलेले नव्हते. ती ठिकठिकाणच्या घरांतल्या टेबलांवर धूर काढून शिकलेली आहे.

या मंडळींकडे जग सहसा कौतुकमिश्रित दयेने पाहते. बालपणीचे खेळणे पुन्हा हाताळण्याची हौस, यापलीकडे त्यात काही दिसत नाही. हौस आहेच, आणि ती लपवायचे कारण नाही. पण माझे म्हणणे असे आहे की संगणकाच्या इतिहासाचा जो भाग चालत्या यंत्राशिवाय टिकूच शकत नाही, तो आज मुख्यतः या हौशी लोकांमुळे टिकून आहे. जुना रांजण किंवा तलवार काचेच्या कपाटात ठेवली तरी तिच्याकडे पाहून बरेच काही कळते. बंद संगणक मात्र प्लास्टिकची पेटी असतो. तो कळ दाबल्यावर काय करतो, किती वेळात करतो, कोणत्या चुका करतो यातच त्याचे संगणकपण असते. आणि हे वागणे चालू ठेवायचे तर यंत्र उघडावे लागते, बिघडण्याचा धोका पत्करावा लागतो.

संग्रहालयाला हा धोका सहजी घेता येत नाही. वस्तू आहे त्या स्थितीत पुढच्या पिढीकडे द्यायची हा त्यांचा धर्म आहे, आणि वीज सोडण्याच्या प्रत्येक खेपेला जुन्या यंत्राची थोडी झीज होते. घरातल्या माणसाची गोष्ट वेगळी. कमोडोर ६४ हा संगणक एक कोटीहून अधिक विकला गेला, झेडएक्स स्पेक्ट्रम सुमारे पन्नास लाख. एवढ्या संख्येतले एखादे मृत यंत्र घेऊन प्रयोग करायला कोणाची परवानगी लागत नाही. अशा हजारो प्रयोगांतून या यंत्रांच्या दुखण्यांचे एक शास्त्रच तयार झाले आहे. कमोडोर ६४ च्या जुन्या वीजपुरवठ्याच्या ठोकळ्यातला व्होल्टेज नियंत्रक निकामी झाला की पाचऐवजी सहा-सात व्होल्ट आत जातात आणि मेमरीच्या चिप जळतात, म्हणून मूळचा ठोकळा न तपासता वापरायचा नाही. स्पेक्ट्रममधल्या पहिल्या सोळा किलोबाइट मेमरीला पाच, बारा आणि उणे पाच असे तीन दाब लागतात. त्यातला उणे पाचचा दाब गेला की त्या चिप मरतात, म्हणून नुसत्या चिप बदलून भागत नाही, दाब का गेला ते आधी शोधावे लागते. नव्वदीच्या उंबरठ्यावरच्या मॅकिंटॉश आणि अमिगा यंत्रांत छोट्या ॲल्युमिनियम कपॅसिटरमधून द्राव पाझरतो आणि बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खातो. बोर्डावर सोल्डर केलेली रिचार्ज होणारी बॅटरी असेल तर तिच्या गळतीने त्याहून वाईट अवस्था होते. त्यावर उपाय म्हणून ही माणसे आधी व्हिनेगरने तो अल्कलीचा थर मारतात, मग पाण्याने आणि अल्कोहोलने धुतात आणि भिंगाखाली एकेक रेषा तपासून तुटलेल्या जागी केसाएवढी तार जोडतात. हे काम पाहिले की हौस हा शब्द अपुरा वाटू लागतो.

या ज्ञानाचा खरा कस लागला तो ब्रिटनच्या डोम्सडे प्रकल्पात. १०८६ मध्ये इंग्लंडच्या राजाने आपल्या राज्यातल्या जमीनजुमल्याची नोंद करवून घेतली. ती वही आजही वाचता येते. तिला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने देशाचे नवे चित्र तयार केले. शाळकरी मुलांसह दहा लाखांहून अधिक लोकांनी आपापल्या गावाची माहिती, छायाचित्रे, नकाशे दिले आणि ते सारे लेझरडिस्कवर साठवले गेले. ती वाचायला बीबीसी मास्टर हा संगणक आणि फिलिप्सचा खास बनावटीचा डिस्क प्लेअर लागत असे. पंधरा-सोळा वर्षांत अशी परिस्थिती आली की डिस्क शाबूत होत्या, पण त्या वाचणारी जोडी दुर्मीळ झाली होती. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांच्या संशोधकांनी त्यातून वाट काढली. पण पुढे हौशी अभियंत्यांनी याच प्रश्नाला हात घातला, तेव्हा ते आणखी खोल गेले. त्यांनी 'डोम्सडे डुप्लिकेटर' नावाचे एक छोटे सर्किट बनवले. लेझरच्या डोळ्याला डिस्कवर जे दिसते, तो कच्चा संकेतच ते प्लेअरमधून उचलते आणि नोंदवते. त्याचे चित्रात आणि माहितीत रूपांतर नंतर सॉफ्टवेअर करते, त्यामुळे उद्या रूपांतराची पद्धत सुधारली तर मूळ डिस्क पुन्हा फिरवावी लागत नाही. त्याचा आराखडा सर्वांना खुला आहे आणि आता तेच तत्त्व जुन्या व्हिडिओ कॅसेट जतन करायलाही वापरले जाते. एका मोठ्या संस्थेच्या राष्ट्रीय प्रकल्पाला घरच्या टेबलावर बनलेल्या बोर्डाची मदत झाली, हे मला या सगळ्या चर्चेतले सर्वांत वजनदार प्रमाण वाटते.

यावर पहिला आणि खरा बिनतोड वाटणारा आक्षेप एम्युलेटरचा आहे. आजच्या साध्या लॅपटॉपवर स्पेक्ट्रमची किंवा कमोडोरची हुबेहूब नक्कल चालते, मग जुन्या पेट्या कशाला जपायच्या? नक्कल हे उत्तम साधन आहे, आणि पुढच्या शंभर वर्षांचा विचार केला तर बहुसंख्य लोकांना जुने संगणक त्या रूपातच भेटणार आहेत. पण नक्कल बरोबर आहे हे ठरवायचे कशावरून? त्यासाठी शेजारी अस्सल यंत्र चालू असावे लागते. कमोडोर ६४ मधली आवाज निर्माण करणारी सिड नावाची चिप घ्या. तिच्यातला आवाज गाळणारा भाग ॲनालॉग आहे, त्यामुळे कारखान्यातून एकाच नमुन्याच्या दोन चिप निघाल्या तरी त्यांचा आवाज थोडा वेगळा येई. त्या काळच्या संगीतकारांनी आपल्या टेबलावरच्या चिपवर ऐकून सूर लावले. अनेक यंत्रांवर मोजमाप घेतल्याशिवाय हे वेगळेपण सॉफ्टवेअरमध्ये उतरत नाही. याहून मोठे उदाहरण ६५०२ या प्रोसेसरचे. बीबीसी मायक्रो, ॲपल टू यांसारख्या यंत्रांचा तो मेंदू. २०१० च्या सुमारास काही उत्साही मंडळींनी या चिपचे कवच काढले, आतल्या सिलिकॉनची सूक्ष्मदर्शकाखाली छायाचित्रे घेतली आणि त्यावरून साडेतीन हजारांच्या आसपास ट्रान्झिस्टर एकेक करून संगणकात उभे केले. ही आजवरच्या सर्वांत विश्वासार्ह नकलांपैकी एक आहे, आणि ती जन्माला आली ती खऱ्या चिपच्या पोटातून. नक्कल आणि अस्सल यांना एकमेकांचे शत्रू ठरवणारा आक्षेप म्हणून मला पटत नाही.

दुसरा आक्षेप सचोटीचा आहे आणि तो मी अधिक गंभीर मानतो. कपॅसिटर नवे, वीजपुरवठा नवा, कळफलकाखालची पातळ पट्टी नवी, मग जुने काय उरले? शिवाय सगळेच हौशी लोक संयमी नसतात. पिवळे पडलेले प्लास्टिक हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवले की पुन्हा पांढरे होते, पण काही पेट्यांवर डाग पडतात आणि काहींचा पिवळेपणा वर्षा-दोन वर्षांत परत येतो. नवे पोर्ट बसवायला मूळ पेटीला भोके पाडणारे आहेत, एक यंत्र जगवायला तीन मारणारेही आहेत. ही हानी खरी आहे. मात्र उत्तम काम कसे असते याचा दाखलाही याच वर्तुळात सापडतो. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानाच्या दिशादर्शक संगणकाचा एक नग १९७६ मध्ये एका गृहस्थाने नासाच्या भंगारातून विकत घेतला होता. २०१८ मध्ये केन शिरिफ, मार्क व्हर्डिएल, माइक स्ट्युअर्ट, कार्ल क्लॉन्च यांच्या चमूने तो दुरुस्त करायला घेतला. सुरुवात झाली ती ह्यूस्टनमधल्या हॉटेलच्या खोलीत. जुन्या आराखड्यांशी ताडून एकेक भाग वेगळा तपासल्याशिवाय त्यांनी यंत्राला वीज लावली नाही. २०१९ मध्ये, चंद्रावर पहिले पाऊल पडल्याला पन्नास वर्षे होत असताना, तो संगणक पुन्हा चांद्रावतरणाचा प्रोग्रॅम चालवत होता. काढलेला भाग जपून ठेवणे, बदलाची नोंद ठेवणे आणि परत फिरवता येईल एवढेच करणे ही शिस्त पाळली तर बदललेला कपॅसिटर यंत्राच्या इतिहासाचाच भाग होतो. घरच्या विजेशी आणि जुन्या पडद्याच्या नळीतल्या हजारो व्होल्टच्या दाबाशी खेळताना जिवाची काळजी घेणे तर त्याही आधी येते.

ई-कचरा कमी होतो, हा दावा मात्र मी या छंदाच्या बाजूने करणार नाही. २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला. त्यापुढे माळ्यावरून वाचवलेल्या यंत्रांचे वजन नगण्य आहे.

आपल्याकडे हा विषय परका नाही, जरी तो तसा वाटला तरी. केंद्र सरकारने १९८४ मध्ये 'क्लास' या नावाने शाळांमध्ये संगणक साक्षरतेचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा पहिल्या अडीचशे शाळांसाठी निवडलेले यंत्र बीबीसी मायक्रोच होते. पुढे स्पेक्ट्रमची परवाना घेतलेली आवृत्ती 'डीबी स्पेक्ट्रम' या नावाने भारतात निघाली. त्याआधी मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने स्वतः घडवलेला टिफ्रॅक १९६० पासून काम करत होता. तो चालू स्थितीत आज कुठेही पाहता येत नाही. आपल्या शाळा-कचेऱ्यांतल्या यंत्रांचा प्रवास ठरलेला असतो. डेडस्टॉक रजिस्टरात नोंद, मग निर्लेखन, मग लिलाव, आणि शेवटी सोने-तांबे काढून घेणारा भंगारवाला. यात कोणाचा दोष काढण्यात अर्थ नाही, जागा अपुरी असते आणि नियम तसे आहेत. पण निर्लेखनाच्या यादीत 'संगणक, नग एक, नादुरुस्त' एवढेच लिहिले जाते. त्यात कोणती चिप होती, कोणते मराठी सॉफ्टवेअर होते, कोणाच्या फायली होत्या, याची नोंद कुठेच उरत नाही.

मराठीपुरते बोलायचे तर हे नुकसान थेट आपल्या घरातले आहे. युनिकोड रुळण्याआधीची वीस वर्षे मराठी मजकूर जिस्ट कार्डावर, श्रीलिपी, आकृती अशा वेगवेगळ्या व्यवस्थांत टाइप होत होता. जिस्टच्या मागे इस्कीसारखे प्रमाणित संकेतन तरी होते. छपाईसाठी वापरलेल्या बहुतेक फॉन्टमध्ये मात्र कोणत्या आकड्याला कोणते अक्षर हे ज्याच्या त्याच्या कंपनीने ठरवलेले. असंख्य दिवाळी अंक, पाठ्यपुस्तके, ग्रामपंचायतींचे कागद अशा फॉन्टमध्ये जुळवले गेले आणि फ्लॉपीवर राहिले. ती फाईल आज उघडली तर निरर्थक रोमन चिन्हांची रांग दिसते. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले रुमाल मोडी जाणणाऱ्या माणसाशिवाय जसे मुके आहेत, तशीच या फायलींची गत आहे. फरक एवढाच की मोडीचा कागद वाट पाहू शकतो. फ्लॉपीवरचा चुंबकीय थर बुरशीने जातो, ड्राइव्हचे पट्टे चिकट होऊन तुटतात आणि सॉफ्टवेअरला परवाना देणारी डोंगल नावाची छोटी किल्ली हरवलेली असते. जुन्या ड्राइव्हला आजच्या संगणकाशी जोडून फ्लॉपीवरचे चुंबकीय बदल जसेच्या तसे नोंदवणारी स्वस्त सर्किटे जगातल्या हौशी मंडळींनी बनवून ठेवली आहेत. ती घेऊन मराठी फ्लॉपींवर बसणारी माणसे इथे हवी आहेत, आणि त्यांच्यासोबत जुन्या डीटीपी ऑपरेटरना बसवायला हवे, कारण फॉन्टची कळपट्टी त्यांच्या बोटांत अजून आहे.

यात थांबायला फार वेळ नाही. जुन्या संगणकांतले मूळ प्रोग्रॅम पुष्कळदा ईप्रॉम नावाच्या, काचेची खिडकी असलेल्या चिपमध्ये असतात. आतला विद्युतभार हळूहळू झिरपून जातो. खिडकीवरचे कागदी लेबल सुटले तर उजेडामुळे तो आणखी लवकर जातो. इंग्लंडमध्ये लाखो प्रतींत असलेल्या यंत्राची चिप गेली तर तिची प्रत दुसरीकडे मिळते. भारतात थोड्या संख्येने बनलेल्या किंवा इथल्या भाषांसाठी बदललेल्या यंत्राची तशी खात्री नाही. म्हणून निर्लेखनाची सही होण्याआधी शाळेतल्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाने पेटी उघडावी, बोर्डाची दोन्ही बाजूंनी छायाचित्रे काढावीत, खिडकीवर अपारदर्शक पट्टी चिकटवावी आणि गावात इलेक्ट्रॉनिक्सचे दुरुस्तीकाम करणारे कोणी असेल तर त्याच्याकडून चिपमधला मजकूर वाचून घ्यावा. चिप वाचणारे 'प्रोग्रॅमर' नावाचे छोटे उपकरण बाजारात मिळते.