मोबाईल पदार्थ ओळखेल, हलाल ओळखेल का?

कॅमेरा ताटावर धरला की पदार्थाचे नाव आणि कॅलरी सांगणारी ॲप आता अनेक घरांत पोहोचली आहेत. मुले ती गंमत म्हणून वापरतात, तर मधुमेह असलेली मोठी माणसे गरज म्हणून. या ॲपच्या शब्दावर किती विसंबायचे, हे आपल्याला कळायला हवे. त्यासाठी सोपा मार्ग आहे: पदार्थ ओळखणारे एक छोटे यंत्र मुलांना सोबत घेऊन घरीच तयार करून पाहणे. त्याला पैसे लागत नाहीत आणि प्रोग्रामिंगही यावे लागत नाही.

समोसा आहे, बिर्याणी नाही

यंत्राला चव नाही, वास नाही. त्याच्यासाठी फोटो म्हणजे रंगांच्या ठिपक्यांचे आकडे. असे हजारो फोटो नावासह दाखवले की कोणत्या नावाशी कोणते रंग-आकार जुळतात, हे ते शिकते.

२०१४ मध्ये स्वित्झर्लंडमधील झुरिकच्या ‘ईटीएच’ विद्यापीठातील संशोधकांनी ‘फूड-१०१’ नावाचा फोटोसंग्रह जाहीर केला. त्यात १०१ पदार्थ आणि प्रत्येकाचे १,००० फोटो आहेत. ७५० शिकवण्यासाठी, २५० परीक्षेसाठी. जगभर अभ्यासासाठी हा संग्रह वापरला जातो. त्यात समोसा आहे, चिकन करी आहे, बकलावा आणि फलाफलही आहे. पण बिर्याणी नाही, आणि आपल्या कोल्हापूरची मिसळही नाही. केवळ या संग्रहावर शिकलेल्या यंत्रापुढे बिर्याणी ठेवली, तर ते त्या १०१ नावांतलेच एखादे नाव चिकटवणार. जे त्याला कोणी दाखवलेच नाही, ते त्याच्या लेखी जगात नाही.

घरी कसे करावे?

गूगलचे ‘टीचेबल मशीन’ हे मोफत साधन संगणकाच्या ब्राउझरमध्ये उघडते. त्यात चित्रांचा प्रकल्प निवडावा आणि चार गट करावेत: तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, बिर्याणी आणि ‘यांपैकी काही नाही’. प्रत्येक गटासाठी पन्नास-साठ फोटो काढावेत. त्यांतले दहा बाजूला ठेवून बाकीचे त्या-त्या गटात टाकावेत आणि ‘ट्रेन मॉडेल’चे बटण दाबावे. थोड्याच वेळात यंत्र तयार होते.

इतक्या थोड्या फोटोंत हे जमते, कारण यंत्र कोरे नसते. कडा, गोलाई, रंगांची ठेवण ओळखायला ते आधीच लाखो सर्वसाधारण चित्रांवर शिकलेले असते. आपण त्याला फक्त शेवटचा धडा देतो.

मग बाजूला ठेवलेल्या फोटोंवर त्याची परीक्षा घ्यावी. शिकवलेल्याच फोटोंवर परीक्षा घेणे म्हणजे मुलाला आधीच प्रश्नपत्रिका देण्यासारखे आहे.

यंत्र कुठे फसते?

बिर्याणीचे सगळे फोटो एकाच लाल दस्तरखानावर काढले, तर यंत्र बिर्याणीऐवजी दस्तरखानच लक्षात ठेवू शकते. म्हणून ताट, वाटी, उजेड, जागा बदलत राहावे.

दुसरी गोष्ट टक्क्यांची. यंत्राचे टक्के सर्व गटांत मिळून शंभर होतात. त्याला ‘मला माहीत नाही’ म्हणता येत नाही. आपण शिकवलेल्या नावांतच त्याला उत्तर शोधावे लागते. चौथा गट ठेवायचा तो याचसाठी, तरीही तो पुरतोच असे नाही. म्हणून ‘९५ टक्के’ दिसले की उत्तर खरेच, असे समजू नये.

यानंतर मुलांना खरी गंमत दाखवावी. पांढऱ्या रश्श्याच्या जागी शीरखुर्म्याची वाटी ठेवावी. एक मटणाचा, दुसरा दुधाचा. पण वाटीत दोन्ही पांढरेच. मग तांबड्या रश्श्याच्या जागी मिसळीचा कट ठेवावा. दोन्हींवर तीच लाल तर्री. एकात मटणाचा अर्क, दुसऱ्यात मटकी. आपल्याला वासावरूनच फरक कळतो. यंत्राला तो कळेलच याची खात्री नाही.

फोटोत जे दिसत नाही

आमच्या मते या प्रयोगाचा खरा धडा इथेच आहे. मटण कोणत्या जनावराचे, जिबह कसे झाले, तळण्याचे तेल कोणते, मिठाईत जिलेटिन कशाचे, यांतले काहीही फोटोत उतरत नाही. ठिपक्यांत जे नाही, ते कितीही हुशार यंत्र सांगू शकणार नाही. हलालचा प्रश्न दिसण्याचा नाही, पदार्थ कुठून आणि कसा आला याचा आहे. त्याचे उत्तर विश्वासू खाटीक, विक्रेता, पाकिटावरची घटकांची यादी किंवा यजमान यांच्याकडूनच मिळते.

तब्येतीचेही तसेच. पांढऱ्या रश्श्यात काजू, खसखस, नारळाचे दूध असते. ज्या मुलाला काजूची ॲलर्जी आहे, त्याच्यासाठी ‘पांढरा रस्सा’ हे अचूक उत्तरही अपुरे आहे. खिरीत साखर किती पडली, हेही फोटो सांगत नाही. मधुमेह असलेल्यांनी ॲपच्या आकड्यांवर औषधाची मात्रा कधीही ठरवू नये, डॉक्टरांना विचारावे.

म्हणून यंत्राला दूर लोटावे असे आम्ही म्हणणार नाही. उलट, खिचडा, दालचा, शीरखुर्मा यांचे फोटो आपल्या मुलांनी काढले, नीट नावे दिली, तरच उद्याची यंत्रे आपले दस्तरखान ओळखतील. येत्या सुट्टीत मुलांना हे काम जरूर द्यावे. आणि घास घेण्यापूर्वी विचारून घेण्याची सवयही सोबतच लावावी.