वाणसामानाची यादी आणि महागाईचा आकडा

महागाईचे दोन हिशेब या देशात एकाच वेळी मांडले जातात. एक सरकार मांडते. तो दर महिन्याच्या बारा तारखेच्या सुमारास टक्केवारीत प्रसिद्ध होतो आणि दुसऱ्या दिवशी वृत्तपत्रांत छापून येतो. दुसरा गृहिणी मांडते. तो वाण्याकडे द्यावयाच्या यादीच्या रूपाने महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तयार होतो आणि कोठेही छापला जात नाही. महाड आणि पोलादपूर या रायगड जिल्ह्यातील डोंगराकडच्या तालुक्यांत शिक्षक, कारकून, शिपाई, दुकानांतील नोकर अशी पगारावर जगणारी जी कुटुंबे आहेत, त्यांना या दोन हिशेबांचा मेळ बसवता येत नाही. पहिला हिशेब खोटा आहे, असे नव्हे. परंतु दुसऱ्यात जे घडते त्यातले बरेचसे पहिल्यात उमटत नाही, आणि महागाईची खरी झळ त्या न उमटणाऱ्या भागातच दडलेली असते.

प्रथम आकड्याचा अर्थ पाहू जाता असे दिसते की, ऑक्टोबर २०२४ मध्ये देशातील अन्नपदार्थांच्या किरकोळ भाववाढीचा वार्षिक दर १०.८७ टक्के होता. एकट्या भाजीपाल्याची भाववाढ ४२ टक्क्यांवर गेली होती. बरोबर वर्षाने, ऑक्टोबर २०२५ मध्ये, अन्नपदार्थांचा हाच दर शून्याच्याही खाली ५.०२ टक्के उतरला आणि एकंदर महागाईचा दर अवघा ०.२५ टक्के नोंदला गेला. महागाई संपली, असे यावरून कोणासही वाटावे. पण गणित साधे आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये जे अन्न शंभर रुपयांना येत होते ते पुढच्या वर्षी सुमारे १११ रुपयांना झाले आणि त्याच्या पुढच्या वर्षी सुमारे १०५ रुपयांवर आले. म्हणजे जेवढे चढले त्याच्या निम्मेच उतरले. महागाईचा दर कमी होणे म्हणजे भाव कमी होणे नव्हे. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की भाव वाढण्याचा वेग मंदावला. शिवाय आकडा हा सरासरीचा असतो. भाजी आणि डाळी उतरल्या म्हणून सरासरी उतरली. खाद्यतेल मात्र त्याही महिन्यात वर्षापूर्वीपेक्षा महागच होते. भारताला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येते. सप्टेंबर २०२४ मध्ये कच्च्या तेलावरील मूळ आयातशुल्क शून्यावरून २० टक्क्यांवर गेले आणि मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आणले गेले. दिल्लीतील या चढउताराशी पोलादपूरच्या फोडणीचा संबंध असा थेट असतो.

महागाईचा दर ४ टक्क्यांच्या आसपास राखावा, अशी जबाबदारी २०१६ मध्ये रिझर्व्ह बँकेवर टाकण्यात आली. या बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म रायगड किल्ल्याजवळच्या नाते या गावचा, ही महाड परिसराला अभिमानाची गोष्ट आहे. तथापि बँकेच्या हाती व्याजाचा दर असतो. अवकाळी पावसाने झोडपलेल्या कांद्यावर किंवा दरड कोसळून बंद पडलेल्या घाटावर व्याजदराची मात्रा चालत नाही.

या दोन तालुक्यांना भाववाढ अधिक बोचते, याला स्थानिक कारणेही आहेत. महाड हे मुळात पेठेचे गाव. बाणकोटच्या खाडीतून सावित्रीने गलबते वर येत आणि येथून माल घाटवाटांनी देशावर चढे. परंतु त्या काळी घरात शिजणाऱ्या अन्नाचा मोठा हिस्सा घरच्या शेतातला असे. खाचरात भात, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी, भात निघाल्यावर उरल्या ओलीवर कडवे वाल आणि कुळीथ. पेठेतून आणावयाचे ते मीठ, गूळ, तेल आणि कापड. आगोटीपूर्वी सुकी मासळी, मसाला आणि कडधान्य यांची बेगमी झाली की चार महिने वाण्याचे तोंड क्वचितच पाहावे लागे. ती व्यवस्था सुखाची होती, असा भ्रम बाळगण्याचे कारण नाही. त्याच वरकस जमिनीने पोटे भरेनात म्हणून येथील माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईची वाट धरत आली. पण ती माणसे गेली, रानडुकरांचा आणि माकडांचा उपद्रव वाढला, मजुरी परवडेनाशी झाली आणि डोंगरउतारावरची शेते ओस पडत गेली. ज्या गावांत नाचणी पिकत होती तेथे आता पिशवीतून आलेले पीठ मळले जाते. भाजी घाटावरून, डाळ आणि तेल मुंबई-पुण्याच्या बाजारांतून ट्रकने येते. जुलै २०२१ च्या महापुरात महाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली आणि आंबेनळी घाटात दरडी कोसळल्या, तेव्हा हे परावलंबन किती पुरे झाले आहे ते सर्वांच्या प्रत्ययास आले.

या भाववाढीचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. कायम नोकरीतील शिक्षकाला आणि कारकुनाला महागाई भत्ता मिळतो. तो औद्योगिक कामगारांच्या निर्देशांकावर ठरतो. २०१६ हे आधारवर्ष मानणाऱ्या या निर्देशांकासाठी देशातील ८८ केंद्रांत भाव टिपले जातात, आणि महाड-पोलादपूर त्यांत नाही. भत्ता उशिरा आला तरी तो येतो, एवढा दिलासा या वर्गाला आहे. परंतु त्याच शाळेतील शिक्षणसेवकाला तीन वर्षे ठरावीक मानधनावर काढावी लागतात. प्राथमिक शाळेत हे मानधन जानेवारी २०२३ पासून ६,००० वरून १६,००० रुपये झाले, हे योग्यच झाले. पण निर्देशांक हलला तरी हे मानधन हलत नाही. तासिका तत्त्वावरचा शिक्षक, कंत्राटी लिपिक आणि दुकानातील मदतनीस यांना तर तेवढेही संरक्षण नाही. अन्नसुरक्षा कायद्याखालील प्राधान्य कुटुंबांना माणशी ५ किलो धान्य मिळते आणि जानेवारी २०२३ पासून ते विनामूल्य आहे. या धान्याने भुकेला मोठा आधार दिला, हे मान्य केलेच पाहिजे. पण त्या पिशवीत तांदूळ आणि गहू असतो. डाळ, तेल, दूध नसते. आणि प्राधान्य गटात न बसणाऱ्या अल्प पगाराच्या कुटुंबाला तीही पिशवी मिळत नाही. २०२३-२४ च्या घरगुती खर्चाच्या राष्ट्रीय पाहणीत ग्रामीण कुटुंबाच्या दर शंभर रुपयांतील ४७ रुपये अन्नावर जात असल्याचे आढळले. उरलेल्या ५३ रुपयांत औषध, शिक्षण, प्रवास आणि कापडचोपड बसवावयाचे असते.

मग तोंडमिळवणी होते कशी? घराघरांतून एक ठरलेला क्रम आढळतो. प्रथम फळे जातात. मग दुधाचे माप कमी होते. नंतर वरण पातळ होते आणि रोजची उसळ आठवड्यातून दोनदा होते. तेलाचा डबा जाऊन पिशवी येते, पिशवी जाऊन पाऊच येतो. लहान पुडा खिशाला सोसतो. परंतु किलोमागे तोच बहुधा महाग पडतो. पुड्याची किंमत तीच ठेवून वजन घटवण्याची युक्तीही कारखानदारांना चांगली अवगत झाली आहे. २०२१ च्या नियमदुरुस्तीने पुड्यावर दर ग्रॅमची किंवा दर किलोची किंमत छापणे आवश्यक ठरले, पण ती वाचण्याची सवय अद्याप लागलेली नाही. अखेर वाण्याची चोपडी उघडते. अडल्या वेळी उधार देणारा वाणी हा गावचा खरा आधार आहे, यात संशय नाही. मात्र उधारीवर घेणाऱ्याला भाव विचारण्याचा आणि दुकान बदलण्याचा हक्क गमवावा लागतो.

या सर्व काटकसरीचा शेवट एका ताटात होतो, आणि ते ताट घरात सर्वांच्या मागून जेवणाऱ्या बाईचे असते. नवऱ्याला कामावर जावयाचे, मुलांना शाळेत जावयाचे, सासूबाईंचे वय झालेले. तेव्हा कमी पडले ते हिच्या वाट्याचे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांत रक्तक्षयाचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ४८ टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये ५४.२ टक्के झाले. रक्तक्षयाची कारणे अनेक असतात आणि त्याचे सगळे खापर महागाईवर फोडता येणार नाही. परंतु ज्या घरात डाळ, भाजी आणि दूध यांनाच प्रथम कात्री लागते तेथे हे प्रमाण घटेल, अशी आशा कशाच्या बळावर धरावी? घरोघर जिला काटकसर म्हणून वाखाणले जाते ती पुष्कळदा एका स्त्रीच्या प्रकृतीतून काढलेली उचल असते.

एकट्या घराने करावयाची काटकसर येथे संपते. त्यापुढची वाट एकत्र येण्याची आहे, आणि ती महाराष्ट्राला नवी नाही. १८४४ मध्ये इंग्लंडातील रॉचडेल येथील विणकरांनी पीठ, लोणी, साखर अशा मोजक्या जिनसांचे सामायिक दुकान काढले. मुंबईत १९४८ मध्ये नायगावच्या कामगार वस्तीत ‘अपना बाजार’ उभा राहिला. १९७२च्या दुष्काळानंतर मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांनी हाती लाटणी घेऊन मोर्चे काढले आणि भाववाढ हा स्वयंपाकघराचा नव्हे, सार्वजनिक प्रश्न आहे, हे राज्यकर्त्यांच्या गळी उतरवले. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली. तिची रीत साधी आहे. शेजारच्या काही कुटुंबांनी गट करावा, महिन्याची मागणी आगाऊ नोंदवावी, माल एकत्र खरेदी व्हावा आणि वाटप गटाने स्वतः करावे.

महाडच्या शिक्षक वसाहतीत किंवा पोलादपूरच्या कचेरीत ही रीत अंगीकारण्यास मोठ्या भांडवलाची गरज नाही. दहा घरांनी प्रत्येकी तीन किलो तूरडाळ नोंदवली की तीस किलोंचे पोते होते. जुलै २०२२ मध्ये २५ किलोंपर्यंतच्या वेष्टित व लेबल लावलेल्या डाळी-धान्यांवर ५ टक्के वस्तू व सेवा कर बसवण्यात आला. त्याहून मोठे पोते आणि सुटा माल त्यातून वगळला गेला. सुगीच्या वेळी परिसरातील शेतकऱ्यांकडून तांदूळ, कडवे वाल आणि नाचणी गटाने थेट घेतली तर घेणाऱ्याचे आणि पिकवणाऱ्याचे दोघांचेही हित साधेल. शंभर ग्रॅम नाचणीत तीनशे मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते; ओस पडलेल्या वरकस जमिनीला पुन्हा नांगर लागण्यास याहून सबळ कारण कोणते असू शकेल?

यावर आक्षेप येतील, आणि ते पोकळ नाहीत. सहकारी भांडारांची उधारीने आणि ढिल्या हिशेबाने झालेली वाताहत पुष्कळांनी पाहिली आहे. म्हणून गटाचा व्यवहार रोखीचा आणि हिशेब उघडा असला पाहिजे. गावचा वाणी बुडेल, ही भीतीही रास्त आहे. परंतु गटाने महिन्याचा ठोक माल त्याच्याकडूनच ठरावीक दराने घेण्यास कोणती आडकाठी आहे? खरा धोका वेगळाच आहे. मागणी लिहिणे, निवडणे, वजन करणे आणि वाटणे ही कामे पुन्हा बायकांच्याच अंगावर पडली, तर ताटातले वाचवून वेळेतले काढून घेतल्यासारखे होईल. गटात पुरुषांनी तागडी हाती धरलीच पाहिजे.

तथापि घरांच्या संघटनेने शासनाची जबाबदारी संपत नाही. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शिधापत्रिकाधारकांना शंभर रुपयांत रवा, चणाडाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो व एक लिटर पामतेल दिले. सणापुरते जे करता आले ते डाळ आणि तेल यांच्यापुरते बारमाही करणे अशक्य मानण्याचे कारण नाही. ठरावीक मानधनावरील सेवकांचे मानधन निर्देशांकाशी जोडणे, हीसुद्धा दयेची नव्हे, न्यायाची मागणी आहे.

महागाईचा दर चार टक्क्यांखाली आला की अर्थशास्त्राचे समाधान होते. समाजाचे समाधान इतक्या स्वस्तात होऊ नये. महाड-पोलादपूरच्या घरांतून सर्वांत शेवटी जेवायला बसणाऱ्या बाईच्या ताटात घट्ट वरण आणि वाटीभर भाजी उरते की नाही, हा महागाईचा खरा निर्देशांक आहे. तो टिपण्यासाठी कोणत्याही केंद्राची गरज नाही. घरातल्या माणसांनी तिच्या ताटाकडे पाहिले तरी पुरे.