विश्लेषण : पोटाच्या संसर्गानंतर पाय लुळे का पडतात? शरीराची संरक्षण यंत्रणा कधी चुकते?

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोम म्हणजेच ‘जीबीएस’चे रुग्ण अचानक वाढले. अनेकांना आधी जुलाब, पोटदुखी झाली होती आणि मग पायांतली ताकद गेली. पोटाच्या संसर्गाचा पायांशी संबंध काय? उत्तर आपल्याच रोगप्रतिकारशक्तीत आहे.

शरीर जंतू कसे ओळखते?

जंतू शिरताच पांढऱ्या रक्तपेशींची पहिली फळी त्यांच्यावर तुटून पडते. दुसरी फळी थोडी उशिरा येते, पण नेम अचूक असतो. यातील ‘बी’ पेशी जंतूवरील एखाद्या रेणूचा आकार ओळखून त्यावर नेमकी बसणारी प्रतिपिंडे, म्हणजे अँटिबॉडी, तयार करतात.

मग चूक कुठे होते?

पुण्यातील काही रुग्णांच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी’ हा जिवाणू सापडला. तो दूषित पाणी, कच्चे दूध किंवा अर्धवट शिजलेल्या चिकनमधून पोटात जातो. त्याच्या आवरणातील काही रेणू आपल्या मज्जातंतूंवरील रेणूंसारखे दिसतात. त्यामुळे जिवाणूसाठी बनलेली प्रतिपिंडे क्वचित मज्जातंतूंवरही हल्ला करतात. वायरचे आवरण किंवा आतली तार खराब झाली की वीज नीट पोहोचत नाही, तसे मेंदूचे संदेश स्नायूंपर्यंत पोहोचेनासे होतात.

कोणती लक्षणे ओळखावीत?

संसर्गानंतर साधारण १ ते ३ आठवड्यांत पायांना मुंग्या येतात, जिना चढणे जड जाते. अशक्तपणा पायांकडून वर सरकतो. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास झाल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

उपचार आहेत का?

आहेत. शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन देतात किंवा रक्तातील प्लाझ्मा बदलतात. उपचार पहिल्या २ आठवड्यांत सुरू झाल्यास फायदा अधिक. बहुतेक रुग्ण बरे होतात, मात्र त्याला काही महिने लागू शकतात. जीबीएस एकाकडून दुसऱ्याला होत नाही.

‘इम्युनिटी’ वाढवणारे काढे उपयोगी पडतील?

नाही. इथे प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, तिचा नेम चुकलेला असतो. खबरदारी साधीच आहे : पाणी उकळून प्या, चिकन पूर्ण शिजवा, हात साबणाने धुवा. आणि जुलाब थांबल्यानंतर पायांतली ताकद कमी होतेय असे वाटले, तर ‘थकवा असेल’ म्हणून घरी थांबू नका.