जुन्या संगणकात नवी विंडोज घालण्यापूर्वी

घरातला संगणक आठ-दहा वर्षांचा झाला की त्याची लक्षणे ठरलेली असतात. बटण दाबल्यावर जागा व्हायला पाच-सात मिनिटे घेतो, मध्येच निळा पडदा दाखवून बंद पडतो, आणि एखाद्या दिवशी काळ्या पडद्यावर इंग्रजीच्या दोन ओळी लिहून स्वस्थ बसतो. मग कोणीतरी सांगते, "स्टेशनाजवळ नेऊन फॉरमॅट मारून आणा, नव्यासारखा होईल!" आमच्या वसई-विरारकडे हा सल्ला इतका सर्रास दिला जातो, की फॉरमॅट मारणे म्हणजे नेमके काय, हे विचारावे असे कोणाच्या मनातही येत नाही.

संगणक म्हणजे एक वाडा आहे असे समजा. भिंती, दारे, कोठारे म्हणजे यंत्राचे सुटे भाग. या वाड्याचा कारभार पाहणारा जो कारभारी, तीच ऑपरेटिंग सिस्टिम. आपल्याकडे बहुधा विंडोज. कोठारातली कोणती वस्तू कुठे ठेवली, कळफलकावर काय दाबले, छपाईयंत्राला काय सांगायचे, हे सारे तोच बघतो. वर्षानुवर्षांच्या वापराने त्याच्या वह्यांत घोळ होतो, नको ते पाहुणे येऊन बसतात. फॉरमॅट मारणे म्हणजे कोठार झाडून मोकळे करणे आणि नवा कारभारी नेमणे. आता वाडाच गळका असला, तर नव्या कारभाऱ्याने काय करावे?

म्हणून आधी यंत्र तपासावे. आमची हवा समुद्राकाठची, दमट आणि खारट. पावसाळ्यात तर विचारूच नका. पंख्यावर धुळीचा थर बसतो, आतले यंत्र तापते आणि संगणक आपोआप बंद पडतो. मेमरीच्या पट्टीचे सोनेरी दात काळवंडले की तो चालूच होत नाही. वीज काढून ती पट्टी बाहेर घ्यावी आणि दात पेन्सिलीच्या खोडरबराने हलके पुसावेत. पुष्कळदा तेवढ्यानेच काम भागते. दुसरी एक गंमत पाहा. आत रुपयाएवढी एक चपटी बॅटरी असते. ती संपली की संगणकाचे घड्याळ दहा-पंधरा वर्षे मागे जाते, आणि मग इंटरनेटवरची बहुतेक ठिकाणे उघडेनाशी होतात. कारण त्यांची ओळखपत्रे त्या जुन्या तारखेला अजून सुरूच झालेली नसतात. लोक याला व्हायरस समजतात आणि पाच मिनिटांच्या कामासाठी सगळा संगणक पुसून आणतात.

हार्ड डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, किंवा एखादी फाइल उघडताना यंत्र अडकून राहत असेल, तर मात्र सावध व्हा. आतली तबकडी झिजत चालली आहे. तिच्यावर नवी विंडोज घालू नका. आधी आतला ऐवज बाहेर काढा.

आता ऐवज म्हणजे काय? माझ्या ओळखीच्या एका निवृत्त शिक्षकांनी सामवेदी बोलीतले, म्हणजे कादोडीतले, शब्द आणि लग्नातली गाणी बरीच वर्षे जमवून टंकित करून ठेवली होती. त्यांचा संगणक दुरुस्त होऊन आला. फाइली डी भागात होत्या, म्हणून वाचल्या. पण उघडल्या तर पडद्यावर कंस, टिंबे आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी! गुरुजींना वाटले, सगळे गेले. गेले काहीच नव्हते. गेला होता फक्त फॉन्ट.

हे मराठी माणसाने नीट समजून घेण्याजोगे आहे. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतींत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. संगणकाच्या लेखी तो मजकूर इंग्रजीच. फॉन्ट आहे तोवर आपल्याला मराठी दिसतो. विंडोज नवी घातली की सी भागातला फॉन्ट पुसला जातो आणि मुखवटा गळून पडतो. युनिकोडमध्ये तसे नाही. तिथे प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. 'क' चा २३२५. तो कुठल्याही फॉन्टमध्ये 'क' च राहतो. तेव्हा जुन्या प्रश्नपत्रिका, ग्रंथालयाच्या याद्या ज्यांच्याकडे आहेत त्यांनी विंडोजच्या आतला फॉन्ट्स हा कप्पा आधी उतरवून घ्यावा. त्या पॅकेजची मूळ सीडी आणि असल्यास डोंगल सांभाळावे. फॉन्ट परत बसवल्यावर मजकूर दिसतो, आणि मग तो युनिकोडमध्ये बदलूनही घेता येतो. गुरुजींची गाणी अशीच परत वाचता आली.

आणखी एक. डेस्कटॉपवर ठेवलेल्या फाइली बहुधा सी भागातच असतात. दुकानदार "डी ला हात लावत नाही" म्हणतो, ते खरे असते. पण मुलीच्या बारशाचे फोटो डेस्कटॉपवर असतात, ते जातात. म्हणून सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरवा, आणि उतरवलेले दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. विंडोज चालूच होत नसेल तर लिनक्स घातलेल्या पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करता येतो. तो आतल्या डिस्कला न छेडता फाइली दाखवतो.

घालायचे काय? विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० ला थांबली, विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ ला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो. दहा वर्षांच्या यंत्राला ती रीतसर चालत नाही. बाजारात कोणी 'क्रॅक' केलेली प्रत घालून देतो, ती घेऊ नये. कारभारीच चोराचा नेमल्यासारखे आहे. अशा यंत्राला लिनक्स बरी. ती फुकट मिळते, तिच्यात मराठी इनस्क्रिप्ट कळफलक असतो, आणि सी-डॅक या सरकारी संस्थेने 'बॉस' नावाची तिची भारतीय आवृत्तीही काढली आहे. मात्र शाळेचे एखादे काम विंडोजवरच चालणारे असेल, तर ते आधी विचारून घ्या.

प्रत्यक्ष काम दीड-दोन तासांचे. आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लागतो. तयार करताना त्यावरचे सगळे पुसले जाते. वीज जाण्याचा दिवस टाळा, नाहीतर यूपीएस जोडा. भाग निवडण्याची वेळ आली की विंडोज तिथे सी आणि डी अशी नावे दाखवत नाही, नुसते क्रमांक आणि आकार दाखवते. नेमकी इथेच लोक डी पुसून बसतात. दोन्ही भागांचे आकार आदल्या दिवशी कागदावर लिहून ठेवा. पैसे खर्च करायची तयारी असेल तर त्याहून सोपे म्हणजे नवी एसएसडी घेऊन तिच्यावर सगळे घालावे. संगणक वेगाने चालतो, आणि जुनी डिस्क काढून, कापडात गुंडाळून, कोरड्या डब्यात ठेवता येते.